आप्त कोणास म्हणावे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात परीक्षेचे चार प्रकार सांगितले आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. यांपैकी पहिला प्रकार आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला, उत्तरपत्रिकेत त्यावर टीप लिहिली आणि बहुधा तेथेच सोडून दिला. प्रत्यक्षाची आणि अनुमानाची गरज दवाखान्यात रोज पडते. आप्तोपदेश मात्र ग्रंथप्रामाण्याचा विषय म्हणून बाजूला राहतो. वस्तुतः सामान्य मनुष्याचे आरोग्यविषयक जवळजवळ सर्व ज्ञान आप्तोपदेशाचेच असते. नळाचे पाणी निर्जंतुक केले आहे, गोळीत वेष्टनावर लिहिलेलेच द्रव्य आहे, बालकास टोचलेली लस निर्धोक आहे, यांतील एकही गोष्ट तो स्वतः पडताळून पाहू शकत नाही. कोणीतरी सांगते आणि तो मानतो. ज्याच्या मनात रज व तम नाहीत, म्हणून ज्याला खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही, तो आप्त, अशी शास्त्राची व्याख्या आहे. सांगणाऱ्याच्या ठिकाणी हे आप्तत्व उरले नाही, असे लोकांना वाटू लागले की काय होते? लोक विश्वास ठेवणे थांबवीत नाहीत. ते दुसऱ्या कोणावर तरी विश्वास ठेवू लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय हा एवढाच आहे.

तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेले त्यानंतरच्या, म्हणजे २०२१ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिरकरवाड्याकडच्या एक प्रौढ मासेविक्रेत्या बाई दवाखान्यात आल्या. त्यांना काढा हवा होता. कशासाठी, असे विचारता त्या म्हणाल्या, "सुई घ्यायला नको म्हणून." लसीविषयी त्यांना काय ऐकू आले होते ते त्यांनी सांगितले. त्यातील बहुतेक आपण सर्वांनी त्या दिवसांत ऐकले आहे. ते येथे पुन्हा लिहीत नाही. परंतु त्यांचा खरा युक्तिवाद वेगळाच होता. "डॉक्टर, वादळात होडी फुटली तर पंचनाम्याला माणूस येत नाही. गॅस फुकट नाही, वीज फुकट नाही. आणि हीच एक वस्तू सरकार दारात येऊन फुकट देते. म्हणजे त्यात काहीतरी असणारच की नाही?"

हे अनुमान चुकीचे आहे, हे सांगणे सोपे होते. परंतु अनुमानाचा पाया प्रत्यक्षाचा होता, आणि ते प्रत्यक्ष चुकीचे नव्हते. लोकापवादांचा इतिहास पाहू गेल्यास हीच रचना पुन्हा पुन्हा आढळते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील माणसांचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रुग्ण ओळखला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांना मजूर पुरविण्यात रत्नागिरी जिल्हा अग्रेसर होता. (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा या जिल्ह्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.) परळ, लालबाग, भायखळा येथील चाळींत दहा-दहा माणसांच्या खोलीत राहणारे हे कोकणी मजूर साथीच्या तडाख्यात सापडले. ऑक्टोबरच्या आरंभी महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी रुग्णास आवश्यक वाटल्यास सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार जाहीर केला. रुग्ण जेथे नेत ते आर्थर रोडचे रुग्णालय, आजचे कस्तुरबा रुग्णालय. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर चाल केली.

मुंबईत तेव्हा कोणत्या वदंता होत्या, हे अनेकांनी नोंदवून ठेवले आहे. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागविली आहेत, अशी एक वदंता होती. दुसरी अधिक भयंकर, आणि आपल्या व्यवसायाशी चमत्कारिक रीतीने जोडलेली : रुग्णालयात माणसांना उलटे टांगून, खाली जाळ करून, डोक्यातून गळणाऱ्या तेलाची 'मोमियाई' काढतात. मोमियाई हे मूळ फारसी नाव एका खनिज द्रव्याचे आहे. युनानी वैद्यकात ते अस्थिभंगावर वापरीत, आणि आपल्या शिलाजतूशी त्याचे जवळचे नाते आहे. डोंगरातून पाझरणाऱ्या औषधाचे लोककथेत माणसाच्या डोक्यातून पाझरणारे औषध कसे झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु दुर्मिळ, महाग आणि साहेबाला हवे असलेले औषध गरिबाच्या देहातूनच निघते, ही कल्पना ज्या समाजात मूळ धरते त्या समाजाचा राज्यकर्त्यांविषयीचा अनुभव काय असेल, याचा विचार करावा.

आता प्रमाणांच्या दृष्टीने पाहू. मजुराने काय पाहिले? शेजारचा माणूस जबरदस्तीने नेला, नातलगांना आत जाऊ दिले नाही, त्याच्या जातीचे अन्न-पाणी मिळाले की नाही ते कळले नाही, आणि तो परत आला नाही. हे सर्व प्रत्यक्ष होते. बहुतेक रुग्ण अत्यवस्थ झाल्यावरच रुग्णालयात पोचत, त्यामुळे तेथील मृत्युसंख्या फार मोठी होती. आत जे घडले ते कोणी विश्वासाने सांगितले नाही. ती रिकामी जागा मोमियाईने भरून काढली. रुग्णालयात मारतात, हे खोटे होते. रुग्णालयात गेलेला बहुधा मरतो, हे खरे होते. सत्तेने दुसरे मान्य केले असते तर पहिले नाकारताना तिच्या शब्दास काही वजन राहिले असते.

परिणाम काय झाला? लोकांनी रुग्ण लपविले आणि पळ काढला. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे आठ लाख वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली होती. आगबोटींनी आणि गलबतांनी चाकरमानी कोकणात परतले. भीतीने पांगलेला माणूस साथही पांगवितो, हे त्या सक्तीच्या हिशेबात कोणी धरले नव्हते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, आणि मार्चपासून पुण्यात रँड यांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरे तपासण्यास आरंभ केला. त्यापुढची हकीकत आपणा सर्वांस ठाऊक आहे : देवघरात बुटांनी शिरणे, स्त्रियांची अप्रतिष्ठा, सामानाची होळी, २२ जूनची रात्र, चापेकर बंधू. तिची पुनरावृत्ती येथे करीत नाही. आपल्याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी त्या वेळी काय केले, ही बाजू मात्र आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. त्यांनी सरकारी जुलमावर कडक टीका केली आणि वर्ष संपण्यापूर्वी राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षाही पत्करली. परंतु प्लेग हे थोतांड आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. गावातील अनेक प्रतिष्ठित बाहेर पडले असता ते पुण्यातच राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. त्याच वर्षी हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालविला. तेथे रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच निवर्तल्या. रुग्णास वेगळे ठेवणे दोन्ही ठिकाणी होतेच. शिपायाने ओढून नेणे आणि आपल्या माणसाने उचलून नेणे, यांत शास्त्राचा फरक नाही, आप्तत्वाचा आहे.

सरकारही कालांतराने शहाणे झाले. मुंबईत मार्च १८९८ मध्ये पुन्हा दंगल उसळली, त्यानंतर सक्ती सैल होत गेली आणि ज्ञाती-ज्ञातींच्या खासगी रुग्णालयांना मोकळीक मिळाली. त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरील पिसवेचा दुवा दाखविला. म्हणजे माणसे उपसून काढण्याच्या ज्या उपायासाठी एवढा जुलूम झाला, तो उपायच मुळात नेमक्या जागी लागू पडत नव्हता. लोकांची मोमियाई खोटी ठरली आणि साहेबाची खात्रीही.

लसीच्या बाबतीत याहून निराळे एक दृश्य त्याच शहरात घडले होते. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि मगच ती इतरांस दिली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा की मुंबईच्या प्रयोगशाळेचा, याचा नीट निर्णय होण्यापूर्वीच हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका पुसला गेला. पाच वर्षे लोकांसमोर राहिले ते एवढेच, की लसीने माणसे मेली आणि सरकारने काही तरी झाकले. खरा अपघात आणि त्याचा अर्धवट खुलासा, याहून पौष्टिक अन्न वदंतेस मिळत नाही.

स्वराज्यात हे चित्र पालटावयास हवे होते. ते पुरते पालटले नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या संततिनियमनाचे विधेयक संमत केले होते. त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. परंतु पुढे पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते अशी हूल उत्तर भारतात उठली, तेव्हा ती आकाशातून पडलेली नव्हती. ज्या सरकारने एकदा खरोखरच नसबंदीसाठी माणसे धरून नेली, त्याच सरकारचा कर्मचारी आता मुलाच्या तोंडात काही घालीत होता. घरोघरी, गल्लोगल्ली, ओळखीच्या माणसांकरवी समजूत घालण्यात वर्षे गेली, आणि मगच २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आपल्या जिल्ह्यात गेली दोन दशके राजापूर तालुका याच अविश्वासाचा अनुभव घेत आहे. हे त्रैमासिक राजकारणाचे नव्हे आणि अणुऊर्जा वा तेलशुद्धीकरण यांच्या गुणदोषांवर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. तरीही माडबन-जैतापूर परिसरातून येणारे रुग्ण आपणास विचारतात : आंब्यास मोहर धरेल ना, मासा उरेल ना, मुले धड जन्मतील ना? यांतील काही भीती अतिरंजित आहे, हे सांगावेच लागते. पण लोकांनी काय पाहिले तेही सांगावे लागते. २८ नोव्हेंबर २०१० रोजी प्रकल्पास पर्यावरण मंजुरी मिळाली, आणि आठवडाभरातच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष भारतात आले असता त्याच प्रकल्पाच्या करारावर सह्या झाल्या. मंजुरी अभ्यासाने झाली की पाहुण्याच्या तारखेने, हा प्रश्न मनात येण्यास माणूस अडाणी असावा लागत नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली. १८ एप्रिलला साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मृत्यू पावला. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्याने मासळीचे काय होईल, हा नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न पूर्णपणे शास्त्रीय होता. त्याची गणना मात्र विकृत बालकांच्या अफवेबरोबर 'गैरसमज' या एकाच पोत्यात झाली. मग पोते उचलून फेकणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? नाणारचा प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला. त्यास विरोध करणाऱ्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या बारसूची जागा केंद्रास सुचविली, आणि एप्रिल २०२३ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात तेथे माती तपासणी सुरू झाली. 'सरकार म्हणाले' या शब्दांनी आरंभ होणारे कोणतेही आरोग्यविषयक वाक्य त्या गावांत आता किती दूर जाईल, याचा अंदाज तेथे सेवा देणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनीच करावा.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसाच्या वर्णनात, आत्रेयांनी हे सर्व फार पूर्वी हेरून ठेवले आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी फिरत असता ते अग्निवेशास सांगतात की वायू, उदक, देश आणि काल बिघडले की निरनिराळ्या प्रकृतीची माणसे एकाच वेळी एकाच रोगाने मरतात. या बिघाडाचे मूळ अधर्मात, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात. देशाचे, नगराचे प्रमुख धर्म सोडून प्रजेशी वागतात तेथून त्याचा आरंभ होतो. येथवरचा भाग व्याख्यानांत नेहमी सांगितला जातो, कारण राज्यकर्त्यांना नावे ठेवणे सर्वांनाच आवडते. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही : प्रमुखांचा हा अधर्म त्यांच्या आश्रयाने राहणारे आणि व्यवहारावर उपजीविका करणारे लोक वाढवितात. व्यवहारावर उपजीविका करणाऱ्यांत औषधनिर्माते, औषधविक्रेते आणि आपण वैद्य येत नाही काय?

मिरकरवाड्याच्या त्या बाई माझ्याकडे आल्या त्या आधुनिक वैद्यकावरचा आणि सरकारवरचा विश्वास उडाला म्हणून. ते गिऱ्हाईक आयते होते. "सुई घेऊ नका, आमचा काढा पुरेसा आहे," एवढे एक वाक्य उच्चारले असते तर काढ्याची बाटली गेली असती, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या ओळखीची आणखी चार माणसे आली असती. त्या वर्षी कित्येकांनी ते वाक्य उच्चारले, हे आपण जाणतो. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत कोरोनिल या औषधाचा गाजावाजा झाला आणि त्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रमाणपत्र असल्याचे सांगण्यात आले. आपण कोणत्याही पारंपरिक औषधास कोविडवरील उपचार म्हणून प्रमाणित केलेले नाही, असा खुलासा त्या संघटनेस त्याच दिवशी करावा लागला. पतंजली कंपनीस आपल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि वृत्तपत्रांतून जाहीर क्षमा मागावी लागली. आयुर्वेदाविषयी संशय बाळगणाऱ्याने या घटनेवरून जे अनुमान काढले असेल, त्याचाही पाया दुर्दैवाने प्रत्यक्षाचाच आहे.

याउलट आपल्यावर टीका झाली की आपण काय करतो? डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक अधिक प्रमाणात आढळले होते. 'बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांचे षड्यंत्र' हे शब्द त्या वेळी आपल्या सभांतून किती वेळा उच्चारले गेले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. शोधन-मारण केलेल्या भस्मातील पारद आणि दूषित कच्च्या मालातून आलेले शिसे यांत भेद करावयास हवा, ही आपली तक्रार योग्य होती. परंतु तो भेद प्रयोगशाळेत दाखवावा लागतो. षड्यंत्र म्हटल्याने तो दिसत नाही. सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली. परदेशी गिऱ्हाइकास चाचणी आणि देशी गिऱ्हाइकास विश्वास, हा न्याय आपल्या रुग्णास कसा समजावून सांगावयाचा?

षड्यंत्राची शंका प्रत्येक वेळी निराधारच असते असे मात्र नव्हे. हळदीच्या व्रणरोपण गुणाचे एकस्व १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, तेव्हा आपले कोणी लुबाडीत आहे, ही भावना खरी होती. परंतु ते एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले ते मोर्च्यांनी नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील पुरावे काढून पुढे ठेवले, म्हणून ते रद्द झाले.

गुळवेलीचे प्रकरण अगदी अलीकडचे, आणि आपल्या परसातले. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरविला आणि रुग्णांनी खरी गुळवेल घेतली की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा प्रश्न उपस्थित केला. प्रश्न रास्त होता. पण तो आपल्यावरच उलटतो : करोनाच्या दोन वर्षांत बाजारात गुळवेल म्हणून जे आले ते काय होते? कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्याकडून पोत्यांनी माल घेताना किती जणांनी खोडाचा छेद पाहिला, आणि किती औषधालयांनी द्रव्यपरीक्षणाची नोंद ठेवली? साथ येण्यापूर्वीच, भूमी विरस होण्यापूर्वी, औषधे उपटून ठेवा, असे आत्रेय त्याच अध्यायात सांगतात. ओळखून, पारखून साठा करणे साथीच्या आधी शक्य असते. साथीत मागणी आली की माल कोठूनही येतो. शिवाय महिनोन्महिने, मात्रा आणि प्रकृती न पाहता, रोज सकाळी ग्लासभर रस घ्यावा, असे कोणत्या संहितेत सांगितले आहे? तसे सांगणाऱ्या जाहिराती आपण भिंतीवर लावल्या, हे मान्य केल्याने आयुर्वेद लहान होत नाही.

मिरकरवाड्याच्या बाईंना मी वरील इतिहास सांगत बसलो नाही. मी विचारले, "मावशी, तुम्हांला कशाची भीती वाटते?" त्यांनी सांगितले. ताप येईल, हे खरे आहे, एक-दोन दिवस येऊ शकेल, असे मी म्हटले. क्वचित कोणास गंभीर त्रासही होतो, पण तुमच्या वयास आणि मधुमेहास रोगाचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे, हेही सांगितले. फुकट का, याचे उत्तर मला जमले तसे दिले : एकट्याला देऊन साथ थांबत नाही, म्हणून सर्वांना द्यावी लागते आणि विकत ठेवली तर सर्व घेणार नाहीत. त्या ऐकत होत्या, पण पटल्याचे दिसत नव्हते. मग त्यांनी विचारले, "डॉक्टर, तुम्ही स्वतः घेतलीत काय?"

मी घेतली होती. तारीख सांगितली, दंड किती दिवस दुखला ते सांगितले, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दिल्याचे सांगितले. त्यांनी मान हलविली. काढ्याची बाटली पिशवीत ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"मग हा काढा कशाला देता?"

"तुम्हांला खोकला आहे ना, त्याला," मी म्हणालो.